कमरेएवढी हळद

उत्तमरावांच्या मते घराचं काम दोनच प्रकारचं असतं. घर पडलं तर ते मालकाचं काम, बाकी सगळं भाडेकरूचं. आणि घर काही पडत नव्हतं. हिंगोलीत, अकोल्याच्या रस्त्याला लागून झालेल्या नव्या वस्तीत, हॉल, दोन खोल्या आणि पुढं कुरकुरणारं गेट असं ते घर पडण्याचा कसलाही विचार न करता उभं होतं.

रुपा राठोड नवऱ्याबरोबर तिथं भाड्यानं आली तेव्हा तिला आधी दिसली ती हॉलची भिंत. जमिनीपासून कमरेपर्यंत पिवळी, आणि त्याच्या वर एके काळचा पांढरा. आधीचा भाडेकरू गेला आणि राठोड आले, त्या मधल्या काळात उत्तमरावांनी हॉलमध्ये हळदीची पोती रचली होती. भाव यायची वाट पाहत पोत्यांनी अख्खा पावसाळा तिथं काढला. भिंतीला ओल होतीच. ओल आणि हळद एकत्र आल्यावर जे व्हायचं ते झालं. पोती गेली, हळद राहिली.

त्या भिंतीला टेकलं की पाठ पिवळी होई. योगेशच्या सगळ्या शर्टांची कोपरं पिवळी होती. रुपा गोरेगावकडच्या एका शाळेत शिक्षिका. सव्वीस जानेवारीला पांढरी साडी नेसून ती झेंड्याला उभी राहिली, तर मागून मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "राठोड मॅडम, घरी लग्न आहे का कोणाचं?" बाईंना चहाला घरी बोलवायचं रुपाच्या मनात होतं. ते तिनं त्याच दिवशी रद्द केलं. बाई घरी येणार, टेकून बसणार, आणि मग शाळेत दोघींच्या घरी लग्न असणार.

"आपण घरमालकाशी बोलू," ती योगेशला म्हणाली. "निम्मा रंग त्यांनी द्यावा, निम्मा आपण."

"बोलू," योगेश म्हणाला. योगेश एस. टी. स्टँडवर कंट्रोलर होता. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, हे दिवसभर माईकवरून अख्ख्या हिंगोलीला ठणकावून सांगणारा हा माणूस हातातला माईक सुटला की मुका होई. 'बोलू' म्हणजे रुपा बोलेल, हे दोघांनाही कळत होतं.

उत्तमराव राहायला गावी, नरसीच्या पुढं. रविवारी दोघं गेले, तर ते ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. त्यांची बायको नर्मदाबाई चहा घेऊन आली. थोरला मुलगा बालाजी ट्रॅक्टरखाली आडवा झाला होता. त्याचे फक्त पाय दिसत होते, आणि पायांनीच त्यानं राम राम केला.

"काका, भिंतीचं बोलायचं होतं," रुपा म्हणाली.

"काहून? पडली का?"

"पडली नाही. पिवळी आहे."

"मंग ठीक हाय की." उत्तमरावांनी बशीत चहा ओतला. "हळदीचं घर हाय, मॅडम. शुभ असतंय. लोकं लग्नात इकत आणून लावतेत."

"लग्नात माणसाला लावतात, काका. भिंतीला नाही."

नर्मदाबाई पदराआड हसली. उत्तमरावांनी तिच्याकडं पाहिलं, तेव्हा ती हसत नव्हती.

"हे पाहा, गळू लागलं तर मला सांगा. मी करतो. मालकाचं काम हाय ते."

"मागच्या पावसाळ्यात सांगितलं होतं."

"ते गळणं न्हाई. ते ओल हाय. गळणं म्हंजे कसं, वरून ठिपकलं पायजे, खाली भांडं ठिवावं लागलं पायजे. भांडं ठिवलं का?"

भांडं ठेवलं नव्हतं. रुपा म्हणाली, "भिंतीला भांडं कुठून लावायचं, काका?"

"तेच म्हणून राहिलो मी. मंग गळणं कसं?"

हा युक्तिवाद इतका निर्दोष होता, की त्याला उत्तर देण्यासाठी वकील लागला असता. रुपानं ओल सोडून दिली आणि ती पुन्हा रंगावर आली. "आमचं एवढंच म्हणणं आहे, की रंग देऊ. निम्मा खर्च तुम्ही, निम्मा आम्ही. घर तुमचं आहे. उद्या आमची बदली झाली तर रंग काय खरवडून पोत्यात भरून नेणार आहोत का?"

उत्तमराव आता योगेशकडं वळले. बाईमाणूस बरोबर बोलायला लागलं, की ते तिच्या नवऱ्याशी बोलत. "राठोड साहेब, मॅडम लई हिशोबी हायेत हो. रंग म्हंजे हौस. हौसेला मोल नसतंय, आन् वाटेकरी बी नसतो."

योगेश हसला. हे हसणं कोणाच्या बाजूचं होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"पण तुमी एवढ्या लांबून आले," उत्तमराव म्हणाले, "तर न्हाई कसं म्हणू? करा तुमी सुरू. हळद इकली की निम्मं देतो."

हळद इकली की. हिंगोली जिल्ह्यात हा एक मुहूर्तच आहे, फक्त तो कुठल्या पंचांगात सापडत नाही. बायकोच्या पाटल्या, दुकानदाराची उधारी, देवळाचा कळस, पोराची फटफटी, सगळं हळद इकली की. आणि हळद विकायची कधी? भाव आला की. भाव आला, की आणखी येईल म्हणून ठेवायची. पडला, की पडल्या भावात कोण विकतं? त्यामुळं जिल्ह्यातली अर्धीअधिक वचनं पोत्यांत भरून, तोंड शिवून, कोणाच्या ना कोणाच्या हॉलमध्ये ठेवलेली असतात. रुपा तांड्यावर वाढली होती. तिच्या बापानंही एक पट्टा हळद लावलेली होती. तिला हे सगळं ठाऊक होतं. तरी 'निम्मं देतो' हे शब्द माणसानं आपल्या तोंडानं उच्चारले, याचा तिला आनंद झाला. शिकलेल्या माणसाचा शब्दांवर फार विश्वास असतो.

निघताना नर्मदाबाईनं दळलेल्या हळदीची एक जड पिशवी तिच्या हातात दिली. "ऱ्हाऊ द्या," उत्तमराव मोठ्या मनानं म्हणाले. "घरची हाय. भेसळ न्हाई."

अशा रीतीनं निम्मा रंग मागायला गेलेली बाई पिवळी पिशवी घेऊन परत आली. एवढी हळद खायला दोघांना आयुष्य पुरलं नसतं. पिशवी ओट्याखाली गेली.

दिवाळीच्या सुटीत रुपानं काम काढलं. पेंटरनं पहिला हात दिला, आणि तो वाळेपर्यंत आतून हळद पुन्हा वर आली, एखाद्या जुन्या भांडणासारखी. मग भिंत घासणं, पुन्हा प्रायमर, पुन्हा रंग. सुटी संपली, पण भिंत जिंकली नाही. हॉल फिक्कट मोतिया झाला, टीव्हीमागची भिंत निळी. ओट्यामागं टाइल्स बसल्या. गेटला रंग आणि तेल मिळालं, आणि ते कुरकुरायचं थांबलं. दारावर पितळी अक्षरांची पाटी लागली, 'रुपा योगेश राठोड'. रुपाची आई शकुंतलाबाई तांड्यावरून आली, तिनं येताना तोरण आणलं. लाल कापड, आरसे, कवड्या, आणि डोळे अधू झालेले असताना घातलेले टाके. दाराला तोरण बांधून म्हातारी स्टुलावरून खाली उतरली आणि म्हणाली, "आता घर झालं."

मुख्याध्यापक बाई चहाला आल्या. भिंतीला टेकून बसल्या. आणि जशा आल्या तशाच गेल्या.

उरलं ते निम्मं. रुपा दर पंधरवड्याला फोन करी.

"काका, ते रंगाचं."

"मॅडम, मोंढ्यातला भाव पाहिला का? चढून राहिला. आता इकणारा येडा."

पुढच्या वेळी: "पडला की हो मॅडम! आता इकू? सांगा तुमी, शिकलेल्या हायेत."

योगेश रोज सकाळी मोबाईलवर मोंढ्याचे, म्हणजे बाजार समितीतले, भाव पाहायला लागला. ज्या माणसाच्या नावावर हळदीचा एक कोंब नव्हता तो भाव उतरला की उदास होई. रुपाला याचाच जास्त राग येई. पिकवायची त्यांनी, साठवायची त्यांनी, आणि काळजी करायची भाडेकरूनं. हा खर्च कुठं धरायचा?

मग एक दिवस उत्तमराव स्वतः आले. पैसे द्यायला आले असतील म्हणून रुपानं चहात आलं घातलं. उत्तमरावांनी चप्पल काढली, हॉलच्या मध्यभागी उभे राहिले आणि चारी बाजूंनी हळूहळू फिरले, जसं बाजारात बैलाभोवती फिरतात. तळवा भिंतीवर दाबला. उचलून पाहिला. कोरा.

"घर चांगलं हाय माझं," ते म्हणाले. चहा प्यायले आणि गेले.

त्या वाक्यावर रुपा दोन दिवस जळत होती. तिसऱ्या दिवशी फोन आला, आणि वाक्याचा अर्थ कळला.

बालाजी तिशी ओलांडून बराच पुढं गेला होता. कष्टाळू, निर्व्यसनी, ट्रॅक्टर स्वतः खोलून स्वतः जोडणारा. पण हल्ली पोरींचे बाप जमीन किती हे विचारत नाहीत. हिंगोलीत घर आहे का, ते विचारतात. आणि असलं म्हणून भागत नाही, ते येऊन पाहतात. पूर्वी मुलगी पाहायला जात, आता आधी मुलाचं घर पाहायला येतात. नळाला पाणी येतं का, संडास आत आहे का, भिंत कशी आहे.

"रविवारी पाहुणे येऊन राहिले," उत्तमराव फोनवर म्हणाले. "पोरीकडचे. घर पाहायला."

"आमचं घर?"

"माझं घर." ते म्हणाले, "तुमी असं करा, दुपारी जरा नरसीला दर्शनाला जाऊन या. देवाचं बी होतं."

"आणि सामान? सोफा, फ्रिज, पडदे, सगळं आमचं आहे, काका."

"ते ऱ्हाऊ द्या. त्याची काई तकलीफ न्हाई."

 रुपा म्हणाली, "आम्ही कुठं जाणार नाही. आधी निम्मं, मग पाहुणे."

 उत्तमरावांचा आवाज एकदम बापाचा झाला. "मॅडम, पोराच्या जल्माचा सवाल हाय. चार ठिकाणी नकार आला. तुमी ऱ्हा घरात, पर जरा सांभाळून घ्या. सोयरीक जमली की दुसऱ्या दिवशी निम्मं हातात. आईशप्पत. हळद इको न इको."

हळद इको न इको! योगेशच्या मते ही ऐतिहासिक घटना होती. रुपालाही बालाजीबद्दल राग नव्हता. एकदा जिना नसलेल्या गच्चीवर त्यानंच त्यांची पाण्याची टाकी एकट्यानं चढवली होती. ती हो म्हणाली.

रविवारी उत्तमराव बायको-मुलासह जेवणवेळेच्या आधीच आले. बालाजीच्या अंगात नवा शर्ट होता आणि चेहऱ्यावर तो शर्ट दुसऱ्याचा असल्याचा भाव. उत्तमराव आत यायच्या आधी दाराशी थांबले, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पितळी पाटी उतरवली.

"काका!"

"पाहुणे गेले की लावू." त्यांनी पाटी फ्रिजवर पालथी ठेवली. म्हणजे हे घरून ठरवून आलेलं होतं. खिशात पानाचा डबा असतो त्या ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर घालून माणूस नरसीच्या पलीकडून निघाला होता.  तोरणाला मात्र त्यांनी हात लावला नाही. ते शोभेचं होतं, नावाचं नव्हतं.

पाहुणे वसमतकडचे. मुलीचे वडील, मामा, आणखी दोघं आणि मुलीची आजी पारुबाई. उत्तमरावांनी घर दाखवायला घेतलं. मोतिया भिंतीवर हात ठेवून ते म्हणाले, "हा रंग आमीच पसंत केला." निळ्या भिंतीपाशी: "ही पोराची आवड." टाइल्सपाशी: "बायामाणसाला सोय पायजे, ह्या मताचा हाय मी." बालाजी आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहत होता. नर्मदाबाई सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, आपण दुसऱ्याच्या सोफ्यावर बसलो आहोत हे तिच्या शरीराला ठाऊक असल्यासारखी.

"बाई, पाणी आणा हो जरा," मामा रुपाला म्हणाले. आणि मग उत्तमरावांना, "ह्या कोण?"

"ह्या… घरच्याच हायेत. मदतीला असतेत."

रुपाला दोन पदव्या होत्या आणि शाळेत तिच्या शिट्टीवर दोनशे पोरं रांगेत उभी राहत. तिनं पाणी आणलं. आपल्याच ग्लासांत, आपल्याच ट्रेमध्ये. मग स्वयंपाकघरात येऊन ती योगेशला गोरमाटीत काहीतरी म्हणाली. चिडली की ती आईच्या भाषेत जाई. ते वाक्य इथं देण्यासारखं नाही. योगेशनं घाईघाईनं चहाचं पातेलं ढवळलं.

पारुबाई म्हातारी मात्र रंगाकडं पाहत नव्हती. ती दारात उभी राहून वर पाहत होती.

"हे तोरण कोणी केलं, इहीणबाई?"

अजून सोयरीक व्हायची होती, पण 'विहीणबाई' ऐकून नर्मदाबाई फुलली, आणि त्या भरात म्हणाली, "मीच."

"कोणच्या टाक्यानं?"

नर्मदाबाईला शर्टाचं बटण लावायलाही सून हवी होती. "साधाच की," ती म्हणाली.

"साधा?" म्हातारीनं एक कवडी बोटानं फिरवली. "माय, आमच्या शेताला लागून तांडा हाय. जल्म गेला माझा ह्या कवड्या पाहण्यात. हे तांड्यावरच्या बाईचं काम हाय." तिनं मान वळवली आणि ट्रे घेऊन उभ्या रुपाकडं पाहिलं. "तुझ्या मायचं हाय का ग?"

"व्हय," रुपा म्हणाली. "माझ्या आईचं."

"मंग दारावर तुझ्या मायचं तोरण, आन् तू पाणी देऊन राहिली. घर कोणाचं हाय?"

 मामांनी ग्लास खाली ठेवला. उत्तमरावांच्या तोंडात पान होतं, ते चघळायचं थांबलं. बालाजीनं पहिल्यांदाच मान वर केली. पाचवा नकार कसा येतो, हे तो दारात उभा राहून पाहत होता.

'निम्मं सोडा, काकांनी एक पैसाही दिलेला नाही,' हे वाक्य रुपाकडं कधीचं तयार होतं. ते तिनं शाळेला जीपमध्ये येता-जाता घासून पुसून ठेवलं होतं, आणि ते म्हणायला यापेक्षा चांगली वेळ जन्मात आली नसती. पण तिची नजर बालाजीवर गेली, आणि त्याच क्षणी तिला दुसरं, त्याहून हुशार वाक्य सुचलं. माणसानं हुशार वाक्यांपासून जपून असावं.

"घर काकांचंच आहे, आजी," ती स्वच्छ आवाजात म्हणाली. "आम्ही भाड्यानं राहतो. ही पितळी पाटी आमची, आज उतरवून ठेवलीय. पण रंग, टाइल्स, जे काय केलं ते निम्मं काकांनी दिलं, निम्मं आम्ही."

"घरमालकानं?" मामा म्हणाले. "निम्मं देलं?"

"दिलं." तिनं उत्तमरावांच्या डोळ्यांत पाहिलं. आता नाही कसं म्हणतील?

उत्तमराव नाही म्हणालेच नाहीत. त्यांनी पान गालात सारलं आणि ते म्हणाले, "माणुसकी असती हो."

"आमच्या गावात असा एक मालक दाखवा," मामा उठून उभेच राहिले. "रंगाचं नाव काढलं की पळतेत. जो माणूस भाडेकरूला निम्मं देतो, तो सुनंला काय कमी करंल?"

पारुबाईनं रुपाला जरा जास्तच वेळ न्याहाळलं. सोयरीक तिथंच, त्या सोफ्यावर जमली. रुपाच्या डब्यातली साखर वाटली. पाहुण्यांची एकच अट होती, पोरगी शिकलेली आहे, ती हिंगोलीत राहील, याच घरात. "हे काय विचारणं झालं?" उत्तमराव म्हणाले.

पाहुणे गेल्यावर पाटी लावायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुटीत रुपानं फोन केला. उत्तमराव खुशीत होते.

"काका, अभिनंदन. ते निम्मं…"

"कोणचं निम्मं?"

"रंगाचं. तुम्ही शपथ घेतली होती."

"अहो मॅडम," उत्तमराव चकित झाले, आणि ते खरोखर चकित झाले होते हेच त्यातलं भयंकर होतं. "तुमीच तर काल चार माणसांत सांगितलं, देलं म्हणून. माझ्यासमोर. माझ्या व्याह्यासमोर. आता पुन्यांदा देऊ?"

रुपानं मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"उद्या पाहुण्यांच्या कानावर गेलं तर काय म्हंतील? मॅडम खोटं बोलल्या? तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईला ते बरं दिसंल का? मला तुमच्या इज्जतीची काळजी हाय." मग आवाज खाली घेऊन, "आन् घराचं ऐकलंच तुमी. वैशाखात लग्न हाय. परीक्षा झाल्या की खाली करा. आन् भिंतीला खिळे मारले ते बुजवून द्या बरं का. घर जसं घेतलं तसं परत पायजे. आपला करार हाय तसा."

संध्याकाळी रुपा घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत राहिली. स्वतःच्या हातानं रंगवून, सजवून, उजळून तिनं हे घर इतकं चांगलं केलं होतं की आता त्यात तिला राहता येणार नव्हतं. रंग दिला नसता तर बालाजीचं लग्न झालं नसतं, आणि ती पिवळ्या कोपरांनी का होईना, सुखानं राहिली असती. आणि वर साक्ष तिचीच! पोलीस नाही, वकील नाही, बाईनं स्वतः ट्रे हातात धरून चोराला पावती लिहून दिली होती.

"जाऊ दे," योगेश म्हणाला.

"कुठं जाऊ दे? जायला आपल्यालाच सांगितलंय."

योगेशला हे मान्य करावं लागलं. पण त्या आठवड्यात त्यानं एक गोष्ट केली. शेवटच्या महिन्यांचं भाडं द्यायचंच नाही असं ठरवलं. "डिपॉझिटमधून वळतं करा," एवढं एक वाक्य तो उत्तमरावांना फोनवर म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर दोन ग्लास पाणी प्यायला. उत्तमराव सुनेच्या कौतुकात होते, त्यांनी होकार दिला.

परीक्षा संपल्या. रिसाला बाजाराच्या बाजूला लहानसं घर मिळालं, त्याची भिंत रुपानं आधी पाठ टेकून पाहिली. रविवारी सकाळी टेम्पोत सामान चढलं. तोरण शकुंतलाबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून रुपानं मांडीवर घ्यायचं ठेवलं. योगेशनं एकेक खिळा उपसला, एकेक भोक बुजवलं. घर मोकळं, मोतिया, झकास दिसत होतं. ओटा पुसायला रुपा वाकली, तेव्हा खालच्या कोपऱ्यातली पिशवी तिच्या हाताला लागली. पिवळी, जड, तोंड बांधलेली.

तिनं ती उचलून ओट्यावर ठेवली.

"योगेश," ती म्हणाली, "करार काय होता आपला? घर जसं घेतलं तसं."

योगेशनं पिशवी पाहिली. मग हॉलची भिंत पाहिली. मग तो बादली भरायला गेला.

काम त्यांनी मन लावून केलं. घाई नाही, शिंतोडे नाहीत. हळद पाण्यात सरसरीत कालवली आणि जुन्या फडक्यानं चढवली. कमरेपर्यंत न्यायची होती. कोणाच्या कमरेपर्यंत, यावर थोडी चर्चा झाली. पोती उत्तमरावांची होती, म्हणून उत्तमरावांची उंची धरली. निळी भिंत सोडली, तिथं पोती नव्हती. टाइल्सना हात लावला नाही. ते राहायला आले तेव्हा टाइल्स नव्हत्या खऱ्या, पण रुपा काही सूडबुद्धीची बाई नव्हती.

उत्तमराव बालाजीला घेऊन किल्ली घ्यायला आले, तेव्हा ऊन हॉलमध्ये उतरलं होतं आणि भिंत ओल्या सोन्यासारखी चमकत होती. पुढच्या रविवारी पारुबाई पडद्यांची मापं घ्यायला येणार होती.

उत्तमराव दारात उभे राहिले. पुढं आले. तळवा भिंतीवर दाबला, उचलला, पाहिला.

"हे… हे काय केलं?"

रुपानं तोंड उघडलं. पण तिच्या आधी योगेश बोलला. हातात माईक नव्हता, तरी आवाज तोच, फलाट क्रमांक एकपासून स्टँडच्या गेटबाहेरच्या जीपवाल्यांपर्यंत जाणारा. समोरच्या घरातल्या बाया गॅलरीत आल्या.

"उत्तमराव काका, घर जसं घेतलं तसं परत दिलं आहे. तपासून घ्यावं. हळद तुमच्या घरचीच आहे. भेसळ नाही."

बालाजी एकदम पाठ फिरवून गेटाकडं गेला. त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता हे फक्त रुपाला दिसलं.

पेंटरला दुसऱ्याच दिवशी बोलवावं लागलं. तोच पेंटर. तो म्हणाला, घासावं लागेल, दोन हात प्रायमर, दोन हात रंग, आणि लगीनघाई असेल तर माणसं जास्त. व्याह्यांसमोर निम्म्याचं कौतुक झालेलं, आता निम्मं मागायचं तरी कोणाकडं?

त्या आठवड्यात उत्तमरावांनी हळद विकली. नवी हळद मोंढ्यात नुकतीच आली होती. भाव पडलेला होता.